दुसरी रेघ : मे महिन्यातल्या एका रात्रीचं प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांचे, चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातले केळी बागाईतदार. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही. घरचे आणि गावचे सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

त्या दिवशी त्यांच्या शेतात घड कापणी चालली होती. मजूर कमी पडले म्हणून नानांनी स्वतः खांद्यावर घड घेऊन बांधापर्यंत वाहिले. रात्री गावात लग्नाची पंगत होती, वरण-बट्टी पोटभर झाली. साडेनऊच्या सुमारास छातीत भरून आल्यासारखं वाटायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि कमरेत दुखण्याचं इंजेक्शन टोचलं. दुखणं थोडं कमी झालं, पण घाम काही थांबेना. शेवटी मुलाने गाडी काढली आणि ११ वाजून ३५ मिनिटांनी ते आमच्या १५ खाटांच्या हॉस्पिटलात पोचले.

मी तिथली प्रयोगशाळा सांभाळते. घर मागच्याच गल्लीत असल्याने रात्रीच्या तपासणीला मलाच हाक येते. मी पोचले तोवर सिस्टरने ईसीजी काढून ठेवला होता. व्ही५ आणि व्ही६ लीडमध्ये (छातीच्या डाव्या कडेला लावतात त्या तारा) एसटीचा भाग, म्हणजे ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरची रेघ, जरा सपाट वाटत होता, बाकी पट्टी साफ होती. एवढ्यावरून कोणी अटॅकचं निदान करणार नाही. ११:४० ला मी रक्त घेतलं, कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमधून ट्रोपोनिन आयचं कार्ड (हार्ट अटॅक ओळखायची रक्ताची पट्टी) काढलं, तीन थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. पंधराव्या मिनिटाला ‘सी’च्या, म्हणजे कार्ड चाललं हे दाखवणाऱ्या, जागी ठसठशीत तांबडी रेघ होती. ‘टी’च्या, म्हणजे ट्रोपोनिन सापडलं तर रेघ येते त्या, जागी काहीच नव्हतं.

मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. आमच्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय की एक रेघ म्हणजे सुटलो आणि दोन म्हणजे जळगाव. तो म्हणाला, “ताई, रेघ नही ना? मंग घर लई जाऊत का?”

ड्यूटीवरचे डॉक्टरही त्याच विचारात होते. दिवसभर ओझं वाहिलेलं, जड जेवण, साफ ईसीजी, निगेटिव्ह कार्ड. रात्री बाराला अशा माणसाला घरी पाठवणं काही जगावेगळं नाही. तेवढ्यात कोपऱ्यात उभ्या असलेल्या नानांच्या बायको बोलल्या, “यास्ले कधी इतला घाम येत नही. रातभर राहू द्या.” मीही डॉक्टरांना एवढंच म्हटलं, की सर, दुखायला लागून फक्त दोन तास दहा मिनिटं झालीत. त्यांनी मान डोलावली आणि नानांना ठेवून घेतलं. दुसरा नमुना तीन तासांनी घ्यायचा ठरला.

हे दोन तास दहा मिनिटं इतके महत्त्वाचे का, ते आधी सांगते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या आत, आकुंचन घडवणाऱ्या तंतूंवर बसलेलं प्रथिन आहे. रक्तवाहिनी बुजली, स्नायूच्या पेशी मरायला लागल्या, की ते हळूहळू रक्तात झिरपतं. साध्या तपासणीत दिसण्याइतकं व्हायला ३ ते ४ तास जातात, काहींना सहाही लागतात. मग ते चढत जातं आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस रक्तात राहतं. म्हणजे जो रुग्ण जितक्या लवकर येईल, तितकं त्याच्या रक्तात कमी सापडेल. घरच्यांनी शहाणपणा करून झटपट आणलेला माणूसच निगेटिव्ह कार्डाच्या तावडीत सापडतो, ही गोष्ट मला दरवेळी अस्वस्थ करते.

लवकर वाढणारं दुसरं एक प्रथिन आहे, मायोग्लोबिन. ते १ ते ३ तासांत रक्तात दिसतं. आम्ही पूर्वी तीन रेघांचं कार्ड वापरायचो, मायोग्लोबिन, सीके-एमबी (हृदयाच्या स्नायूतलं आणखी एक प्रथिन) आणि ट्रोपोनिन एकत्र असलेलं. ते बंद केलं, कारण मायोग्लोबिन हाताखांद्यांच्या स्नायूंतही भरपूर असतं. दिवसभर केळीचे घड वाहिलेला माणूस, कमरेत इंजेक्शन घेतलेला माणूस, दोघांचीही ती रेघ उमटते. नाना तर दोन्ही करून आले होते. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या रुग्णासाठी जी खूण उपयोगाची, ती आमच्या शेतकऱ्याच्या बाबतीत गोंधळच वाढवते. ट्रोपोनिन आय आणि टी यांचे हृदयातले प्रकार वेगळे असतात आणि कार्डावरच्या अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच धरणारी प्रथिनं) तेवढेच पकडतात, म्हणून भिस्त त्यांच्यावर.

पहाटे २:४० ला दुसरा नमुना घेतला. नानांचं दुखणं तोवर बरंच कमी झालं होतं, ते पडल्या पडल्या लग्नाच्या पंगतीबद्दल बोलत होते. त्याच ड्रॉवरमधलं दुसरं कार्ड काढलं. पंधरा मिनिटं. पुन्हा एकच रेघ.

त्या क्षणी मी “निगेटिव्ह” लिहून दिलं असतं तर कोणी मला बोल लावला नसता. पण कार्ड हातात धरून ट्यूबलाइटखाली नेलं तेव्हा एक गोष्ट खटकली. पट्टीचा पांढरा भाग पांढरा नव्हता. तांबूस लोट पुढे सरकून वर शोषला जायला हवा, मागे पट्टी स्वच्छ राहायला हवी. इथे सगळीकडे फिकट गुलाबी डाग रेंगाळले होते. पाकिटातली सिलिका जेलची पुडी बघितली, ती ठीक होती. मग बॉक्सवरची साठवणीची सूचना वाचली : २ ते ३० अंश सेल्सिअस. कॅज्युअल्टीची ती भिंत पश्चिमेची. वर पत्रा. बाहेर मे महिना.

माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये त्याच कंपनीचा, त्याच बॅचचा न फोडलेला बॉक्स होता. त्यातलं एक कार्ड काढलं, गार कार्डावर रक्त टाकू नये म्हणून वीस मिनिटं टेबलावर ठेवलं, आणि त्याच २:४० च्या नमुन्याचे तीन थेंब टाकले. बाराव्या मिनिटापर्यंत काही नाही. तेराव्या मिनिटाला ‘टी’च्या जागी काहीतरी आहे असं वाटलं. चष्मा पुसला. पंधराव्या मिनिटाला ती होती : केसाएवढी, फिकी, जुन्या कुंकवाच्या डागासारखी, पण या काठापासून त्या काठापर्यंत अखंड. एकाच बाटलीतलं रक्त, दोन कार्डं शेजारी शेजारी. एकावर रेघ, दुसऱ्यावर नाही.

मी डॉक्टरांना उठवलं. पुन्हा ईसीजी काढला, आता व्ही४ ते व्ही६मध्ये टी वेव्ह (ठोक्याच्या शेवटची लहान लाट) उलटायला लागली होती. पाठीवरच्या लीडही लावून बघितल्या, तिथे एसटी वर गेलेला नव्हता, त्यामुळे गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा प्रश्न आला नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचे लोडिंग डोस (पहिले मोठे डोस) दिले, हेपॅरिन (गाठ वाढू न देणारं औषध) दिलं, १०८ बोलावली आणि नाना अडावदवरून, विदगावचा पूल ओलांडून, उजाडता उजाडता जळगावला पोचले. अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स वाहिनी जवळजवळ बंद निघाली. ही वाहिनी हृदयाच्या मागच्या-बाजूच्या भिंतीला रक्त देते आणि नेहमीच्या बारा लीडना तिचं दुखणं नीट दिसत नाही. पहिला ईसीजी साफ का होता, त्याचं उत्तर तिथे मिळालं. स्टेंट बसला. चौथ्या दिवशी नाना घरी आले.

दोन्ही नमुन्यांतला उरलेला प्लाझ्मा मी गोठवून ठेवला होता. तो जळगावच्या एका प्रयोगशाळेत हाय सेन्सिटिव्हिटी मशीनवर (अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणाऱ्या) लावून घेतला. ११:४० चा नमुना : ६१ नॅनोग्रॅम प्रति लिटर. २:४० चा : ७४२. त्या पद्धतीत पुरुषांसाठी मर्यादा ३४ आहे. ही मर्यादा ९९व्या पर्सेंटाइलवर धरतात, म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णव तिच्या आत येतात. आमच्या कार्डाची रेघ उमटायला मात्र ५०० नॅनोग्रॅम लागतात. कार्डाच्या कागदावर ते ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं छापलेलं असतं, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायचं कोणाच्या लक्षात येत नाही. ०.५ हा फार बारीक आकडा वाटतो. खरं तर तो निरोगी माणसाच्या मर्यादेच्या जवळजवळ पंधरापट आहे.

म्हणजे या प्रकरणात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि त्या सुट्या करणं मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या वेळी ड्रॉवरच्या तापलेल्या कार्डाऐवजी फ्रिजमधलं चांगलं कार्ड वापरलं असतं, तरी ६१ला रेघ आली नसती. ती त्या साधनाची मर्यादा. दुसऱ्या वेळी ७४२ होते, चांगल्या कार्डावर रेघ यायलाच हवी होती, ती उन्हाने खाल्ली. ती आमची चूक.

दुसऱ्या दिवशी त्या ड्रॉवरमध्ये कमाल-किमान थर्मामीटर ठेवला. चार दिवसांत कमाल ४३ दाखवली. मग एक साधा प्रयोग केला. नानांचा उरलेला दुसरा नमुना, ड्रॉवरच्या बॉक्समधली तीन कार्डं, फ्रिजमधली तीन कार्डं. ड्रॉवरच्या एकावरही रेघ नाही, फ्रिजच्या तिन्हींवर फिकी रेघ. नंतर, दोन दिवसांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेलेल्या एका रुग्णाचं रक्त लावलं, ज्यात ट्रोपोनिन कित्येक पटींनी जास्त होतं. आता दोन्हीकडे रेघ आली, ड्रॉवरच्या कार्डांवर जरा उतरलेली इतकंच. आणि दरवेळी, प्रत्येक कार्डावर, ‘सी’ची रेघ सारखीच ठसठशीत.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘सी’ची रेघ एवढंच सांगते की द्रव पुढे सरकला आणि सोन्याचे कण तिथवर पोचले. ट्रोपोनिन पकडणारी अँटिबॉडी अजून शाबूत आहे की नाही, हे ती सांगत नाही. उष्णतेने अँटिबॉडी एकदम मरत नाही, थोडी थोडी निकामी होते, आणि त्याचा फटका सगळ्यात आधी फिक्या रेघांना बसतो. ज्यांच्या बाबतीत फिकी रेघ येणार ते लवकर आलेले रुग्ण. ज्याला अटॅक येऊन दोन दिवस झालेत त्याचं निदान खराब कार्डही करतं.

सोन्याचे कण म्हटलं, तर ती तांबडी रेघ म्हणजे काय तेही सांगते, कारण प्रकाशावर चालणारा बायोसेन्सर (शरीरातले रेणू ओळखणारं साधन) ही काही परदेशातल्या प्रयोगशाळेतलीच वस्तू नाही. तो आमच्या ड्रॉवरमध्येच पडलेला होता. कार्डात वीस-चाळीस नॅनोमीटरचे सोन्याचे गोळे असतात, त्यांच्यावर अँटिबॉडी चिकटवलेली असते. एवढ्या बारीक सोन्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलायला लागतात आणि साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. दागिन्यातलं पिवळं सोनं आणि कार्डावरची माणकासारखी रेघ, धातू तोच. मायकेल फॅरडेने १८५७मध्ये अशा लाल सोन्याच्या द्रावणाचा अभ्यास केला होता. ट्रोपोनिनच्या रेणूला एका अंगाने सोन्याच्या गोळ्यावरची अँटिबॉडी धरते, दुसऱ्या अंगाने पट्टीवर रेघेच्या जागी रोवलेली अँटिबॉडी धरते, आणि गोळे तिथे साचतात. मोजमाप करणारं यंत्र म्हणजे माझे डोळे, पहाटे तीनला, ट्यूबलाइटखाली.

डोळ्यांऐवजी यंत्र लावलं की बराच फरक पडतो. फ्लोरोसेन्स रीडरमध्ये सोन्याऐवजी चमकणारे कण वापरतात. युरोपियम नावाच्या धातूचे कण यासाठी मला फार हुशारीचे वाटतात. त्यांच्यावर प्रकाशाचा झोत टाकून बंद केला, तरी ते काही शे मायक्रोसेकंद चमकत राहतात. कागदाची आणि रक्ताची स्वतःची चमक मात्र त्याच्या कितीतरी आधी विझते. यंत्र क्षणभर थांबतं, गोंगाट संपू देतं, आणि मग मोजतं. मिळतो तो आकडा, आणि आकडा मिळाला की दोन नमुन्यांची तुलना करता येते. हार्ट अटॅकच्या २०१८च्या जागतिक व्याख्येतही हृदयाला ताजी इजा झाली म्हणण्यासाठी ट्रोपोनिन चढताना किंवा उतरताना दिसावं लागतं, आणि निदान एक आकडा मर्यादेच्या वर असावा लागतो. सोबत छातीत दुखणं किंवा ईसीजीतला बदल असा रक्तपुरवठा अडल्याचा पुरावा असला, की त्याला अटॅक म्हणायचं. रेघ चढत नाही, आकडा चढतो. नानांचं ६१चं ७४२ झालं, निदान त्या चढात होतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स. १९६८मध्ये ओटो आणि क्रेत्शमान या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या मांडण्या दाखवल्या, आणि १९९०मध्ये स्वीडनहून त्यावर चालणारं यंत्र बाजारात आलं. काचेच्या प्रिझमवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा पापुद्रा, खालून प्रकाश. एका ठरावीक कोनात परत येणारा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. पापुद्र्यावर काही चिकटलं की तो कोन किंचित सरकतो. रंगाचा कण लागत नाही, रेणू चिकटताना प्रत्यक्ष बघता येतो. ऐकायला हे आमच्यासाठीच बनवल्यासारखं वाटतं. अडचण रक्ताची आहे. एक लिटर प्लाझ्मामध्ये साधारण ७० ग्रॅम प्रथिनं असतात आणि नानांच्या पहिल्या नमुन्यासारख्या रक्तात ट्रोपोनिन पन्नास-साठ नॅनोग्रॅम. हे प्रमाण एकास शंभर कोटींहून जास्त होतं. ट्रोपोनिन आय स्वतः लहान, २४ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप). कोन सरकला तो त्याच्यामुळे की अंगावर येऊन चिकटलेल्या अल्ब्युमिनमुळे (रक्तातलं सगळ्यात मुबलक प्रथिन), हे ओळखायचं म्हणजे जत्रेत एका लेकराचा आवाज ओळखायचा. म्हणून पृष्ठभागावर प्रथिनं न चिकटणारा लेप देतात, शेजारी अँटिबॉडी नसलेली दुसरी वाट ठेवून वजाबाकी करतात, आणि बहुतेकदा शेवटी पुन्हा सोन्याचे कण आणून इशारा मोठा करतात.

आणि पुन्हा तापमान. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वाकतो त्याचं माप) एका अंशाला साधारण एक दशसहस्रांशाने बदलतो. ही यंत्रं त्याच्या शंभरपट बारीक फरक वाचतात. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाचा चढउतारही त्यांना रेणू चिकटल्यासारखा भासतो. लाईट गेली, एसी बंद पडला, की आमच्याकडे मे महिन्यात खोली अर्ध्या तासात किती चढते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुंबई आणि मद्रासच्या आयआयटींमध्ये इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवलेल्या ऑप्टिकल फायबरवर बायोसेन्सरचं काम झालं आहे. फायबर वाकला की आतला प्रकाश वाकणापाशी पृष्ठभागाला जास्त भिडतो आणि तिथे चिकटलेलं ओळखतो. प्रिझम नको, मोठं यंत्र नको, एक एलईडी आणि एक डिटेक्टर पुरतो. मला त्या दिशेची आशा जास्त वाटते. पण असं काम करणारे कोणी हे वाचत असतील, तर त्यांना कळकळीने सांगते, की तुमचा सेन्सर पहिल्यांदा तपासाल तेव्हा तो पत्र्याखालच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर ठेवून मग तपासा. किती कमी ट्रोपोनिन सापडतं हा आकडा तुम्ही गार खोलीत काढलेला असतो. आम्हाला तो ४३ अंशांचा हवा आहे.

आमच्याकडे त्या रात्रीनंतर काय बदललं ते थोडक्यात. कॅज्युअल्टीत आता एकही कार्ड ठेवत नाही, सगळी फ्रिजमध्ये. पुरवठादाराला सांगून पार्सल सकाळच्या गाडीने, जेल पॅक घालून मागवतो. पूर्वी बॉक्स दिवसभर उन्हात कुठेही पडून यायचे. ज्ञात पॉझिटिव्ह प्लाझ्मा पातळ करून, जेमतेम फिकी रेघ येईल इतका, छोट्या नळ्यांत गोठवून ठेवते. प्रत्येक नवीन बॉक्समधलं पहिलं कार्ड आणि नंतर दर सोमवारी एक कार्ड त्यावर जातं. कार्ड वाया जातं म्हणून सुरुवातीला हॉस्पिटलात कुरकुर झाली, मी दोन्ही कार्डांचा तो फोटो दाखवला.

रिपोर्टवर “ट्रोपोनिन निगेटिव्ह” हे दोन शब्द मी लिहिणं बंद केलं. आता असं लिहिते : “दुखणं सुरू होऊन २ तास १० मिनिटांनी घेतलेला नमुना. कार्डाच्या मर्यादेपेक्षा कमी. पुढचा नमुना अमुक वाजता.” वेळ रुग्णाला विचारूनच भरते. कधी कधी ती काढायला पाच मिनिटं जातात, कारण आमची माणसं घड्याळ सांगत नाहीत, ‘गायी-म्हशी बांधल्या तेव्हा’ किंवा ‘मुक्कामाची एसटी आली तेव्हा’ असं सांगतात. एसटीची वेळ मला आता पाठ आहे.

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलने फ्लोरोसेन्स रीडर घेतला. तोही हाय सेन्सिटिव्हिटीच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे आम्ही ० आणि ३ तासांवर न थांबता सहा तासांचाही नमुना घेतो. त्याच्या पुस्तिकेत ३० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय, म्हणून रीडरच्या आधी एसी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला.

पहिल्याच आठवड्यात कापूस वेचणारी एक बाई रात्री आली, वय ४५, छातीत कळ, दुखायला लागून जेमतेम चाळीस मिनिटं. घरी लहान मुलं होती, तिला लगेच परत जायचं होतं. तीन नमुने घेतले. तिन्ही यंत्राच्या खालच्या मर्यादेच्या आत, तिन्ही ईसीजी तंतोतंत सारखे. डॉक्टरांनी तिला तपासून, पुन्हा दुखलं तर काय करायचं ते सांगून सोडलं. तिसरा रिपोर्ट मी तिच्या हातात दिला तेव्हा सात वाजायला आले होते, आणि ती पहिल्या मिळाल्या एसटीने गावी गेली.